गुडघ्याच्या झिजेतला ‘मुख्य’ सिग्नलिंग मार्ग कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर प्रकल्पासाठी गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) निवडला आहे. प्रत्येक आढावा लेखात एनएफ-कप्पा-बी, एमएपी कायनेज, विंट, टीजीएफ-बीटा, नॉच, एमटॉर अशा दहा-बारा सिग्नलिंग मार्गांची (पेशीत संकेत पोचवणाऱ्या रेणूंच्या साखळ्यांची) बाणांनी भरलेली आकृती दिसते, पण त्यातला मुख्य कोणता ते कळत नाही. तो अडवला तर झीज थांबेल का? आणि कूर्चापेशींवर (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या पेशींवर) आयएल-१ बीटा हा दाहकारक रेणू टाकून एका वनस्पतीच्या अर्काने एनएफ-कप्पा-बी उतरला, एवढं दाखवलं तर प्रकल्पाला पुरेल का?

तिन्ही प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत: सिग्नलिंग मार्ग म्हणजे नळ, आणि आजार म्हणजे कुठला तरी नळ उघडा राहणं. गुडघ्यात असं घडत नाही. इथले जवळजवळ सगळे मार्ग निरोगी सांध्यालाही रोज लागतात. एकच मार्ग कूर्चेत राखण करतो आणि तिच्याखालच्या हाडात घात करतो, किंवा तरुणपणी एक काम करतो आणि साठीनंतर दुसरं. म्हणून ‘कोणता मार्ग’ असं विचारताना ‘कुठे, कधी आणि किती’ हेही विचारावं लागतं. रुग्णाची सुरुवात कशी झाली यावरही बरंच अवलंबून असतं. तिशीत लिगामेंट तुटलेला गुडघा, वजन खूप वाढलेल्या माणसाचा गुडघा आणि सत्तरी गाठलेला गुडघा यांचे एक्स-रे शेवटी सारखे दिसतात, पण तिथवर पोचण्याच्या वाटा वेगळ्या असतात. खालचं वाचताना हे लक्षात असू द्या.

आधी रणांगण पाहू. प्रौढ कूर्चेच्या आकारमानात पेशी जेमतेम १ ते ५ टक्के असतात. रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. बाकी सगळं मॅट्रिक्स, म्हणजे पेशींभोवतीचं भरण: ओल्या वजनाच्या ६५ ते ८० टक्के पाणी, ते पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन आणि फुगू पाहणाऱ्या अ‍ॅग्रिकॅनला आवळून धरणारं टाइप-२ कोलॅजेनचं जाळं. अ‍ॅग्रिकॅन गेलं तर पेशी ते पुन्हा बनवू शकते. कोलॅजेनचं तसं नाही. प्रौढ कूर्चेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य शंभर वर्षांहून अधिक मोजलं गेलं आहे, म्हणजे हे जाळं आयुष्यात एकदाच विणलं जातं म्हटलं तरी चालेल. यातूनच मार्गांची प्रतवारी करण्याचा एक उपयोगी निकष मिळतो. अ‍ॅग्रिकॅन कापणारे एन्झाइम म्हणजे एडॅमटीएस-४ आणि एडॅमटीएस-५. त्यांनी केलेलं नुकसान बऱ्याच अंशी भरून येतं. टाइप-२ कोलॅजेन कापणारा प्रमुख एन्झाइम एमएमपी-१३; त्याने केलेलं नुकसान जवळपास भरून येत नाही. कुठलाही मार्ग वाचताना शेवटी तो या दोन टोकांपैकी कुठे जाऊन पोचतो ते तपासा. निम्मी आकृती आपोआप उलगडेल.

आता पहिली ठिणगी. पुष्कळ लेख आयएल-१ बीटापासून सुरुवात करतात. मी वजनापासून, म्हणजे दाबापासून सुरुवात करतो, कारण कूर्चापेशीला दिवसभर मिळणारा सगळ्यात मोठा संकेत तोच असतो. पेशीच्या आवरणावर दाब ओळखणाऱ्या वाहिन्या असतात. चालण्या-फिरण्याइतका माफक, लयबद्ध दाब टीआरपीव्ही-४ या वाहिनीतून कॅल्शियम आत सोडतो आणि मॅट्रिक्स बनवणारी जनुकं जागी होतात. दाब हानिकारक पातळीला गेला की पीझो-१ आणि पीझो-२ उघडतात, आत शिरणारं कॅल्शियम फार वाढतं आणि पेशी मरूही शकते. दाहकारक आयएल-१ पेशीवरच्या पीझो-१ची संख्या वाढवतं, तेही पी-३८ मार्गातून (एमएपी कायनेजची एक शाखा). म्हणजे दाह झालेल्या सांध्यात कालपर्यंत सोसवणारा भार आज सोसवेनासा होऊ शकतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पेशींना माफक लयबद्ध ताण दिला तर आयएल-१ असूनही एनएफ-कप्पा-बीचं केंद्रकात जाणं कमी होतं, असं प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. ‘चालून चालून वंगण संपतं’ या समजुतीला रेणूंच्या पातळीवर आधार नाही. पूर्ण विश्रांतीत कूर्चा पातळ होते, हे मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर हालचाल थांबलेल्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये मोजलेलं आहे.

एनएफ-कप्पा-बीकडे सविस्तर पाहू, कारण तुमचा प्रकल्प त्यावरच आहे. शांत पेशीत पी-६५ आणि पी-५० ही एनएफ-कप्पा-बीची जोडी सायटोप्लाझममध्ये आयकप्पाबी-अल्फा नावाच्या प्रथिनाला बांधलेली असते. आयएल-१ किंवा टीएनएफ हा दुसरा दाहकारक रेणू पेशीवरच्या रिसेप्टरला (संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) लागला की आयकेके हा एन्झाइम आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतो, ते प्रथिन प्रोटिएसोममध्ये मोडलं जातं आणि मोकळी झालेली जोडी केंद्रकात जाते. तिथे एडॅमटीएस, एमएमपी, तसंच कॉक्स-२, आयएनओएस, आयएल-६ ही दाहाशी निगडित जनुकं वर चढतात. त्याच यादीत खुद्द आयकप्पाबी-अल्फाचं जनुकही असतं. म्हणजे मार्ग स्वतःच स्वतःला लगाम घालतो: साधारण १५ ते ३० मिनिटांत आयकप्पाबी-अल्फा नाहीसं होतं आणि तासाभरात नवं तयार होऊ लागतं. या वेळापत्रकाकडे दुर्लक्ष केल्याने किती प्रयोग वाया जातात ते पुढे सांगतो.

हाच संकेत एमएपी कायनेजच्या तीन शाखांतही जातो: ईआरके, जेएनके आणि पी-३८. जेएनकेमुळे सी-जून सक्रिय होतं आणि एपी-१ हा जनुकं चालू करणारा संकुल तयार होतो. एमएमपी-१३च्या जनुकाच्या सुरुवातीला एपी-१ बसण्याची जागा असते, शिवाय आरयूएनएक्स-२ या जनुक-नियामक प्रथिनासाठीही जागा असते. म्हणून एकटा एनएफ-कप्पा-बी अडवला तरी एमएमपी-१३ पूर्ण बंद होत नाही. उरलेल्या दोन दारांनी काम चालूच राहतं. एमएमपी-१३ या टोकाचं मी वर इतकं महत्त्व सांगितलं त्याचं एक कारण हेच.

दुसरं असं की एनएफ-कप्पा-बी चालू व्हायला आयएल-१ लागतंच असं नाही. मॅट्रिक्स तुटताना निघालेले फायब्रोनेक्टिनचे तुकडे अल्फा-५-बीटा-१ इंटिग्रिन या पेशीवरच्या रिसेप्टरला लागतात. एस१००ए८ आणि एस१००ए९ ही प्रथिनं टीएलआर-४ या रिसेप्टरला लागतात. दोन्हीकडून तोच मार्ग पेटतो, त्यातून आणखी एन्झाइम निघतात आणि आणखी तुकडे पडतात. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्याची सुरुवात कुणी केली हे गौण ठरतं. आयएल-१ अडवणारी औषधं गुडघ्यात का अपेशी ठरली, याचं माझ्या मते हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. अ‍ॅनाकिन्राचं एक इंजेक्शन सांध्यात दिल्यावर ४ आठवड्यांनी वेदनेत फरक दिसला नाही. त्या रेणूचं अर्धायुष्य अवघं ४ ते ६ तासांचं, त्यामुळे तो निकाल एकट्याने निर्णायक मानता येत नव्हता. पण आयएल-१ अल्फा आणि बीटा दोन्ही पकडणाऱ्या लुटिकिझुमॅबनेही सायनोव्हियमचा (सांध्याच्या आतल्या अस्तराचा) दाह कमी केला नाही. दुसरीकडे, हृदयविकारासाठी दिलेल्या, आयएल-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १०,०००हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मागाहून केलेल्या विश्लेषणात कृत्रिम सांधे बसवण्याचं प्रमाण लक्षणीय कमी आढळलं. हे रुग्ण रक्तात दाहाची पातळी जास्त असलेले म्हणूनच निवडलेले होते. अशा निवडलेल्या गटात, वर्षानुवर्षं दिल्यास आयएल-१ अडवण्याचा उपयोग असू शकतो. सरसकट सगळ्यांत नाही. ‘कुठे, कधी, किती’ म्हणतो ते असं.

टीजीएफ-बीटाचा मार्ग मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. निरोगी कूर्चेत तो एएलके-५ रिसेप्टरमधून स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या संकेतवाहक प्रथिनांना कामाला लावतो. त्यामुळे अ‍ॅग्रिकॅन बनतं आणि पेशी शेवटच्या, फुगीर अवस्थेकडे जात नाही. स्मॅड-३ नसलेल्या उंदरांना लहान वयातच ऑस्टिओआर्थ्रायटिससारखी झीज होते. पण त्याच टीजीएफ-बीटाला एएलके-१ हा दुसरा रिसेप्टरही उपलब्ध असतो. त्यातून स्मॅड-१, ५ आणि ८ चालतात आणि आरयूएनएक्स-२, टाइप-१० कोलॅजेन, एमएमपी-१३ या बाजूला तोल जातो. वयाबरोबर एएलके-५चं प्रमाण एएलके-१पेक्षा वेगाने घसरतं. रेणू तोच, मात्राही तीच. ऐकणारा कान बदलला. याहून गंमत म्हणजे कूर्चेखालच्या हाडात टीजीएफ-बीटाची पातळी वाढणं हेच झिजेचं एक कारण ठरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामात हाडातल्या मूळपेशींपुरता हा संकेत अडवल्यावर वरची कूर्चा वाचली होती. आता सांगा, टीजीएफ-बीटा वाढवणारं औषध द्यायचं की कमी करणारं? गोळीतून दिलं तर ते दोन्ही ठिकाणी जाणार.

विंट आणि बीटा-कॅटेनिनची कथा तशीच आहे. विंट हा संकेत-रेणू फ्रिझल्ड आणि एलआरपी-५/६ या रिसेप्टरांना लागला की बीटा-कॅटेनिन मोडणारा संकुल थांबतो, बीटा-कॅटेनिन साठून केंद्रकात जातं, आणि कूर्चापेशी हाड बनवण्याच्या वाटेवर ढकलली जाते. उंदरांच्या कूर्चेत बीटा-कॅटेनिन कायम चालू ठेवलं तर झीज होते. मात्र ते दाबून टाकलं तरी पेशी मरतात आणि झीज होतेच. इथे हवी असते मधली एक पट्टी, आणि औषधाने तंतोतंत तिथे नेमून थांबणं फार कठीण असतं. या मार्गावर काम करणारं लॉरेसिव्हिविंट तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलं, पण तिथे मुख्य निकष गाठू शकलं नाही.

बाकीचे मार्ग भरभर घेतो. ऑक्सिजन कमी असलेल्या कूर्चेत एचआयएफ-१ अल्फा पेशीला जगवतं. त्याचंच भावंड एचआयएफ-२ अल्फा मात्र एमएमपी-१३ आणि एडॅमटीएस-४ वर चढवतं, हे २०१० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. एएमपीके हा ऊर्जा-संवेदक एन्झाइम आणि ऑटोफॅजी (पेशीची आतली सफाई) वयाबरोबर मंदावतात, एमटॉर चढतं, आणि पेशी आतला कचरा साफ करेनाशी होते. एफजीएफ-१८ हे एफजीएफआर-३मधून कूर्चा वाढवतं. स्प्रिफर्मिन हे त्याचंच औषधी रूप. दर ६ महिन्यांनी १०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिल्यावर २ वर्षांनी कूर्चेची जाडी प्लासिबोच्या (औषध नसलेल्या इंजेक्शनच्या) तुलनेत ०.०५ मिलिमीटरने जास्त राहिली, वेदनेत मात्र फरक पडला नाही. पी-१६ ही वार्धक्याची खूण असलेल्या म्हाताऱ्या पेशी दाहकारक रस सोडत राहतात. त्या काढून टाकण्यासाठी बनवलेलं यूबीएक्स-०१०१ उंदरांत छान चाललं, पण माणसांत १२ आठवड्यांनी प्लासिबोच्या बरोबरीला राहिलं.

स्प्रिफर्मिनचा तो निकाल एक गोष्ट उघड करतो: कूर्चा आणि वेदना ही दोन वेगळी खाती आहेत. कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, मग दुखतं कुठे? सायनोव्हियममध्ये, कूर्चेखालच्या हाडात, गुडघ्याच्या वाटीमागच्या चरबीच्या गादीत. तिथे एनजीएफ (मज्जातंतू वाढवणारा घटक) तयार होतं, ते मज्जातंतूंवरच्या टीआरके-ए रिसेप्टरला लागतं आणि तंतू हुळहुळे होतात, शिवाय नवे फुटतात. एनजीएफला पकडणारी टॅनेझुमॅबसारखी प्रतिपिंडं वेदना खरोखर कमी करत होती. पण काही रुग्णांत सांधा झपाट्याने नासला, विशेषतः सोबत दाहशामक गोळ्या चालू असताना. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी त्याविरुद्ध कौल दिला आणि काम थांबलं. म्हणून आकृतीत कूर्चापेशी एकटी काढू नका. तिच्याखाली हाड, बाजूला सायनोव्हियम, पुढे चरबी, चारही एकमेकांशी बोलताना दाखवा. चरबीबद्दल थोडं अधिक: लठ्ठपणात हाताच्या सांध्यांतही झीज वाढते, आणि हातावर कुणी वजन पेलत नाही. चरबीच नसलेले उंदीर साध्या उंदरांइतक्याच वजनाचे असूनही झिजेपासून बऱ्यापैकी वाचले. त्यांच्यात चरबीचं रोपण केल्यावर ते संरक्षण गेलं. लेप्टिनसारखे चरबीतून सुटणारे रेणू आणि सौम्य सार्वदेहिक दाह हे वजनाच्या जोडीला काम करतात. पण यांत्रिक भाग विसरू नका. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आता देता येईल. मुख्य मार्ग असा एक नाही. दाब आणि तुटलेलं मॅट्रिक्स हे सुरुवातीचे संकेत, एनएफ-कप्पा-बी आणि एमएपी कायनेज हा जिथे बहुतेक संकेत एकत्र येतात तो चौक, टीजीएफ-बीटा आणि विंट हे पेशीची ओळख ठरवणारे, आणि एडॅमटीएस व एमएमपी-१३ हे प्रत्यक्ष कापणारे हात, अशी मांडणी मी करतो. चौक अडवावा असं कुणालाही वाटेल, पण एनएफ-कप्पा-बी संसर्गाशी लढायला आणि पेशी जगवायला लागतो. तो शरीरभर वर्षानुवर्षं दाबून ठेवता येत नाही. हातच बांधायचे तर व्यापक एमएमपी-रोधकांनी स्नायू-सांध्यांचं दुखणंच निर्माण केलं. २००५ साली एडॅमटीएस-५ नसलेल्या उंदरांची कूर्चा वाचल्याचं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. पण त्या एन्झाइमला नेमकं अडवणारं जीएलपीजी-१९७२ माणसांत ५२ आठवडे देऊनही कूर्चेचा ऱ्हास कमी झाला नाही. झीज थांबवणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. ज्यांचा उपयोग मोजून दिसला ते उपाय एकाच वेळी अनेक मार्गांना हलके स्पर्श करणारे आहेत: व्यायाम आणि वजन उतरवणं. २०२४ साली लठ्ठ रुग्णांवर सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत वेदनेचा गुणांक ४१.७ने उतरला, प्लासिबोत २७.५ने. ते औषध कूर्चेवर थेट काय करतं, हा वेगळा विषय. वजनही त्या गटात सरासरी १३.७ टक्क्यांनी घटलं होतं.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे प्रयोग. ‘आयएल-१ बीटा टाकलं, अर्क टाकला, एनएफ-कप्पा-बी उतरला’ एवढ्यावर थांबू नका. असे शेकडो निबंध आहेत आणि त्यातून रुग्णापर्यंत फारसं काही पोचलेलं नाही. पण तीच रचना नीट बांधली तर प्रकल्पाला पुरेशी होते.

पेशी निवडण्यापासून सुरू करा. एसडब्ल्यू-१३५३ वाढवायला सोपी आहे, पण ती कॉन्ड्रोसार्कोमाची पेशी आहे. टाइप-२ कोलॅजेन नीट बनवत नाही. ती पथदर्शक चाचणीपुरती ठेवा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गुडघ्याच्या कूर्चेतल्या प्राथमिक पेशी मिळत असतील तर नैतिक समितीची परवानगी आधी घ्या आणि पेशी पहिल्या पॅसेजपर्यंतच (नव्या डिशमध्ये एकदा हलवेपर्यंतच) वापरा. सपाट डिशमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजला त्यांची ओळख पुसते: टाइप-२ कोलॅजेन आणि एसओएक्स-९ खाली येतं, टाइप-१ वर जातं. मग तुम्ही ज्याला कूर्चापेशी म्हणता ती फायब्रोब्लास्टसारखी वागत असते. अल्जिनेटच्या मण्यांत ठेवल्या तर ओळख टिकते. कोलॅजिनेजने पेशी सोडवल्यावर ४८ तास तरी त्यांना सावरू द्या, कारण ती प्रक्रिया स्वतःच एमएपी कायनेज पेटवते. कूर्चेचे तुकडे वापरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं: नुसतं कापल्यानेही पेशीभोवतीच्या मॅट्रिक्समधून एफजीएफ-२ सुटतं आणि ईआरके चालू होतं. ४८ ते ७२ तास थांबा, माध्यम बदला, मगच प्रयोग.

मात्रेचा प्रश्न मोठा आहे. बहुतेक निबंधांत आयएल-१ बीटा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या सांध्यातल्या द्रवात ते पिकोग्रॅममध्ये मोजलं जातं, म्हणजे हजारपट फरक. इतक्या जोरदार संकेतावर अर्क चालला नाही तर दोष अर्काचाच असेल असं नाही, आणि चालला तरी तो सांध्याचा निकाल नाही. ०.१, १ आणि १० नॅनोग्रॅम अशा तीन मात्रा लावा आणि मुख्य निष्कर्ष १वर बांधा. माध्यमातून सीरम आदल्या रात्री काढा किंवा फार कमी करा. सीरममधले वाढघटक टीजीएफ-बीटा आणि ईआरके दोन्हींना उचकवतात. सोय असेल तर ऑक्सिजन २ ते ५ टक्क्यांवर ठेवा. २० टक्क्यांत एचआयएफ-१ अल्फा टिकतच नाही, आणि मग पेशीचं निम्मं व्यक्तिमत्त्व हरवतं.

वेळा अशा ठेवा: आयकप्पाबी-अल्फा आणि फॉस्फेट लागलेल्या पी-६५, पी-३८, जेएनकेसाठी ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटं, एमआरएनएसाठी ६ आणि २४ तास, स्रवलेल्या एमएमपी-१३साठी २४ आणि ४८ तास. फक्त २४ तासांनी पी-६५ बघून ‘अर्काने मार्ग अडवला’ लिहिलेलं दिसतं तेव्हा मी तो निष्कर्ष मानत नाही; लगाम कधीच लागून गेलेला असतो, तिथे उरलेलं चित्र दुय्यम संकेतांचं असतं. लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज रोधक ताजे घाला आणि नमुने बर्फावरच ठेवा. वेस्टर्न ब्लॉटवरच्या (प्रथिनं ओळखण्याच्या पडद्यावरच्या) रिकाम्या जागा झाकायला दुधाऐवजी बीएसए हे प्रथिन वापरा, कारण दुधातलं केसीन स्वतः फॉस्फेटयुक्त आहे आणि पार्श्वभूमी चढवतं. फॉस्फो-पी-६५ची तुलना एकूण पी-६५शी करा, नुसत्या अ‍ॅक्टिनशी नको. क्यूपीसीआरमध्येही (एमआरएनए मोजण्याच्या चाचणीतही) जीएपीडीएच एकट्यावर विसंबू नका. दोन-तीन संदर्भ जनुकं घेऊन त्यांची स्थिरता तुमच्याच नमुन्यांत तपासा.

अर्काच्या बाबतीत चार ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, विषारीपणा: मरणारी पेशी एमएमपीही कमी बनवते, आणि तो ‘परिणाम’ समजला जातो. दुसरं, तो विषारीपणा मोजायला वापरलेली एमटीटी ही रंग-चाचणी: पॉलीफेनॉल एमटीटीला पेशीशिवायच जांभळं करतात, म्हणजे मेलेली पेशी जिवंत दिसते. अर्क आणि एमटीटी, पेशीविना, असा प्लेटमधला एक खड्डा ठेवा आणि जोडीला एलडीएच (मेलेल्या पेशीतून गळणारा एन्झाइम) किंवा जिवंत-मृत रंगद्रव्य वापरा. तिसरं, एंडोटॉक्सिन: वनस्पतीजन्य अर्कात जिवाणूंचा अंश सहज असतो आणि तो टीएलआर-४मधून नेमका तुमचाच मार्ग पेटवतो; तो तपासायला एलएएल चाचणी करा. चौथं, द्रावक: डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि सगळ्या खड्ड्यांत सारखंच घाला, नियंत्रणातही. अर्काची प्रत्येक बॅच वेगळी निघते, म्हणून किमान एका खुणेच्या घटकाचं एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) प्रमाण मोजून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच प्रयोग तुम्हाला पुन्हा करता येणार नाही.

अर्क आयएल-१च्या आधी देतात, १-२ तास. तो प्रतिबंधाचा प्रश्न झाला. गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या माणसात दाह आधीच बसलेला असतो, म्हणून एक गट असा ठेवा ज्यात आयएल-१ला २४ तास होऊन गेल्यावर अर्क दिला आहे. आकडे इथे बहुधा खाली येतात. तेच आकडे खरे उपयोगाचे.

शेवटी मॅट्रिक्स मोजा; पेशीने काय म्हटलं यापेक्षा कूर्चेचं काय झालं ते जास्त बोलतं. ३ ते ४ मिलिमीटरच्या पंचने तुकडे काढा, प्रत्येकाचं ओलं वजन घ्या, ३-४ दिवसांनी माध्यमात सुटलेलं ग्लायकोसअमिनोग्लायकॅन (अ‍ॅग्रिकॅनच्या साखर-साखळ्या) डीएमएमबी रंगाने ५२५ नॅनोमीटरवर, कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या प्रमाण रेषेवर मोजा. उरलेला तुकडा पपेन या एन्झाइममध्ये ६० अंशांवर रात्रभर विरघळवून त्यातलंही मोजा, म्हणजे सुटलेलं प्रमाण टक्क्यांत सांगता येईल. कोलॅजेन सुटणं बघायचं असेल तर आयएल-१सोबत ऑन्कोस्टॅटिन-एम हा दाहकारक रेणूही लागतो आणि २ ते ४ आठवड्यांची तयारी ठेवावी लागते. छोट्या प्रकल्पात ते सोडून द्या, पण सोडलं आहे असं लिहा. माणसाची प्रौढ कूर्चा गाई-म्हशींच्या कूर्चेइतकी जोरात प्रतिसाद देत नाही, त्यामुळे फरक लहान दिसला तर घाबरू नका, दाते (कूर्चा देणारे रुग्ण) वाढवा.

दात्यांवरून सर्वांत महत्त्वाची सूचना: तुमचा ‘एन’ म्हणजे दाते, खड्डे नव्हेत. एका गुडघ्यातून काढलेल्या पेशींचे ६ खड्डे म्हणजे एन बरोबर १. पाच-सहा दाते मिळवा, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच नियंत्रणाशी करा, आणि वय, लिंग, कूर्चा कुठल्या कप्प्यातून घेतली ते नोंदवा. आतल्या कप्प्याची झिजलेली कूर्चा आणि बाहेरच्या कप्प्याची बरी दिसणारी कूर्चा एकाच डब्यात मिसळू नका. सिग्नलिंगच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

आणि निष्कर्षाचं वाक्य लिहिताना मोजलं तेवढंच लिहा: ‘अमुक मात्रेच्या आयएल-१ बीटाने उद्दीपित केलेल्या, इतक्या दात्यांच्या कूर्चेत, या अर्काने इतक्या तासांनी आयकप्पाबी-अल्फाचं विघटन आणि एमएमपी-१३चं स्रवण इतकं कमी केलं; अ‍ॅग्रिकॅन सुटण्यावर परिणाम झाला किंवा झाला नाही.’ ‘ऑस्टिओआर्थ्रायटिसवर उपाय’ हे शब्द त्या वाक्यात नकोत, शीर्षकातही नकोत.